बहुरूपी आणि तिसरी सुई

लशीच्या दोन सुया घेऊनबी मला कोरोना झाला, अन् आमच्या मालकांच्या, खाजामियाँच्या हातात आयतंच कोलीत मिळालं. "तुझी लस फसवी हाय. तिसरी सुई मी न्हाई घेत!" धारूरच्या बाजारात केळाच्या गाड्यावर गिऱ्हाईकालाबी हेच सांगायचे. मला लई राग यायचा! मागच्या लाटेत ह्या दमेकरी माणसाला ऑक्सिजन लावलता, तवा मी दवाखान्याबाहेर कशी बसलते ते माझं मला माहीत. परत तसं झालं तर?

पण माझ्याबी डोक्यात भुंगा शिरलाच. लस घेतली, मंग आजार आत आला कसा? सरळ दवाखान्यात जाऊन नर्स यशोधराला इचारलं.

ती म्हणाली, "मावशी, विषाणू स्वतःच्या लाखो नकला काढतो. त्यात चुका होतात. एखाद्या चुकीनं त्याचं वरचं रूप बदलतं. मग जुनं रूप शिकलेलं अंग त्याला दारातच अडवू शकत नाही."

"म्हंजी लस वाया गेली?"

"छे! सगळं थोडंच बदलतं? उरलेल्या खुणांवरून अंग त्याला आत आल्यावर ओळखतं. म्हणून तुमचं तापावर निभावलं. तिसऱ्या सुईनं ती ओळख पुन्हा पक्की होते."

आत आल्यावर वळखतं म्हणं! गाड्यावर येईस्तोवर मी हेच घोळवत व्हते.

गाड्यापुढं एक पोलीस काठी आपटत उभा. "रस्त्यात गाडा कावून लावला बे?" आमच्या मियाँची बोबडीच वळली. हात जोडून केळाची मोठी फणी त्याच्या हातात दिली. तो वळून चालला अन् त्याचा डावा पाय फेंगडा पडला.

"आगं, हा तर आसाराम!" मियाँ वरडले. दरसाली सोंग घेऊन येणारा बहुरूपी. गेल्या साली फकीर झालता. मियाँनी धावत जाऊन फणी हिसकावली, बाजार खदाखदा हसला, अन् मंग रीतीपरमानं तीच फणी त्याला बिदागी म्हणून दिली.

मी संधी सोडती व्हय? "बघा, कपडे बदलले, पाय तोच. उशिरा वळखला, पण वळखलाच ना? माझ्या अंगानंबी तसंच केलं."

ते हसले न्हाईत. छातीवर हात ठेवून उभे राहिले.

"केळी पळत जाऊन परत आणली, बीबी. पण त्यो आजार हितं शिरला तर मला तेवढा येळ मिळल का?"

माझे डोळेच भरून आले. इतके दिवस भांडले, पण ह्या माणसाला किती भ्या वाटतंय, ते मला कळलंच नव्हतं.

त्यांनी गाड्यावर ताडपत्री ओढली अन् इचारलं, "यशोधरा किती वाजेपर्यंत असती?"