हद्दीच्या दगडाला आलेला संशय

मी हद्दीचा दगड बोलतोय. ऐका, पण जरा लांब उभे राहून. माझ्या फार जवळ येणाऱ्याच्या मनात काहीतरी असतं, हे मी दीडशे वर्षं पाहत आलोय.

सत्तावनचं बंड मोडल्यावर गोऱ्या साहेबानं झाशीबाहेरच्या या टेकडीची मोजणी केली आणि मला उतारावर कमरेएवढा पुरला. सरकारची जमीन इथे संपते, एवढंच सांगायचं माझं काम. तेही लोकांनी सुखानं करू दिलं नाही. दोनदा मला उपटून वर सरकवलंय, आणि दोन्ही वेळा आधी कुणीतरी गुपचूप खूण करून गेलं होतं. म्हणून खूण दिसली की माझं डोकं फिरतं.

पुढे टेकडीला कुंपण आलं, पळसांमधून पायवाटा निघाल्या, फाटकावर 'प्रकृति उद्यान' अशी पाटी लागली. आता सकाळी सदर बाजारकडून माणसं स्कूटरवर बसून चालायला येतात. चालायचंच होतं तर स्कूटर कशाला, हे मला अजून कळलेलं नाही.

गेल्या थंडीत मार्तंडराव येऊ लागले. नगरा नावाच्या मोहल्ल्यात राहणारे, रेल्वेतून रिटायर झालेले, एकटेच. एकदा त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, खिशातून गेरूचा खडा काढला आणि माझ्या अंगावर लहानसा बाण काढला. झालं! चेहरा सज्जनाचा आणि डोळा जमिनीवर!

चौकीदार जयसिंगही संशयी, माझ्याच जातकुळीचा. तो धावत आला. "काय बाबूजी, जे का लिख रए? जा जमीन सरकारी है."

"पता है, भैया," म्हणत ते हसले आणि खडा खिशात घातला. त्या हसण्यानं तर आमची खात्रीच पटली. दुसऱ्या दिवशी वाटेवरच्या आणखी दहा-बारा दगडांवर बाण! जयसिंगनं ओलं फडकं घेऊन माझ्यावरच्यासकट सगळे पुसून काढले. मला बरं वाटलं.

त्या दिवशी उन्हं चढली तरी मार्तंडराव परतले नाहीत. माझ्यासमोरून ते तीनदा गेले. तिसऱ्यांदा थांबून माझ्यावरून हात फिरवत पुटपुटले, "इथेच काढला होता की मी..." आणि मटकन खाली बसले.

जयसिंग तावातावानं आला. त्यांनी वर बघून विचारलं, "भैया, गेट किस तरफ़ है?"

फाटक समोरच होतं. शंभर पावलांवर.

जयसिंगचा आवाज एकदम खाली आला. "चलो बाबूजी, हम छोड़ देत."

"मेरी बेटी को मत बताना. इंदू को पता चला तो अकेले घर से निकलने नहीं देगी."

मला स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या सकाळी जयसिंगला पाहताच त्यांनी घाईनं खिशावर हात ठेवला. कालचं काहीच त्यांच्या ध्यानात नव्हतं. जयसिंगनं तोंड फिरवलं आणि त्यांना बाण काढू दिला.

आता तो बाण रोज गिरवून चांगला जाड झालाय. मार्तंडराव उतरू लागले की जयसिंग कागद वेचत वीस पावलं मागून चालतो, थेट ते नगऱ्याच्या ऑटोत बसेपर्यंत. या माणसाचा आपल्यावरचा संशय काही जात नाही, असं त्यांना वाटतं. कधीकधी चिडतातही.

तसंच वाटू दे त्यांना. बाण पुसू नका, आणि खरं काय ते त्यांना सांगूही नका.