उजवा पाय

डेपोत त्याला सगळे ‘पाळणा’ म्हणायचे. त्याच्या बसमध्ये बसलेली माणसं दोन थांब्यांत पेंगायला लागतात, म्हणून. वीस वर्षं त्याने बस चालवली, नव्या ड्रायव्हरांना शिकवलं, आणि एवढ्या काळात त्याच्या हातून कुणाला साधं खरचटलंही नव्हतं.

मग एका दुपारी उतारावर एक सायकलवाली घसरून थेट बसपुढे पडली. पाळण्याने करकचून ब्रेक दाबला. बस तिच्यापासून हातभर अंतरावर थांबली. ती वाचली, पण बसमध्ये उभ्या असलेल्या एक निवृत्त शिक्षिका धाडकन आपटल्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं.

चौकशी झाली. दोष कुणाचाच नाही असं ठरलं. साहेबांनी पाठ थोपटली. बाई काही महिन्यांनी काठी घेऊन चालायलाही लागल्या. पाळण्याला मात्र स्टिअरिंगसमोर बसवेना. बसला की तोंडाला कोरड पडायची, छातीत धडधडायचं. शेवटी साहेबांनी त्याला हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर नेमलं. तिथे छत्र्या, डबे, एकेकटे हातमोजे यायचे. एकदा तर कुणाची कवळी आली.

बायको म्हणाली, “कुणाला तरी दाखवायला हवं.”

“मला काय धाड भरलीय? वेळेवर जेवतो.”

“जेवता म्हणजे ताट पुढे ओढता आणि मागे सारता. मी काय आंधळी आहे?”

पहिला काउन्सेलर मेव्हण्याने सुचवला. मोठी खोली, भिंतभर प्रमाणपत्रं. त्याने दहा मिनिटं ऐकलं आणि चाळीस मिनिटं सांगितलं. सकारात्मक राहा, मीही असाच सावरलो, वगैरे. घरी येऊन पाळणा म्हणाला, “माझं सोड. त्याचं सगळं कळलं मला. अगदी त्याच्या सासूच्या गुडघेदुखीपर्यंत.”

बायको कितीतरी दिवसांनी हसली. “मग दुसरा बघू. एक चप्पल चावली म्हणून कुणी जन्मभर अनवाणी चालत नाही.”

दुसरी थेरपिस्ट फोनवर, व्हिडिओवर भेटायची. तरुण होती, शांत होती, प्रश्नही नेमके विचारायची. पाळणा बेडरूमचं दार लावून फोन पाण्याच्या बाटलीला टेकवायचा आणि चेहरा नीट करून बसायचा. प्रवाशांसमोर चेहरा कसा ठेवावा हे वीस वर्षांत अंगवळणी पडलं होतं. “बरं वाटतंय,” तो म्हणायचा. मध्येच नेटवर्क गेलं तर त्याला सुटल्यासारखं व्हायचं.

सहाव्या खेपेला तीच म्हणाली, “एक सांगू? फोनवर बोलून बरे होणारे माझ्याकडे पुष्कळ आहेत. तुम्ही मात्र मला खांद्यापासून वरच दिसता, आणि तेवढं तुम्ही फार छान सांभाळता. तुम्हाला समोरासमोर बसणारं कुणीतरी हवं.”

“म्हणजे केस हाताबाहेर गेली?”

“नाही हो. माझ्या स्क्रीनबाहेर गेली.” आणि तिने एक नंबर दिला.

आता दुधाने तोंड पोळलेलं. म्हणून पाळण्याने त्या नंबरवर आधीच रोखठोक विचारलं, “ड्रायव्हर लोकांचा अनुभव आहे का तुम्हाला? आणि नाही जमलं तर?”

“ड्रायव्हरांचा नाही. अपघातातून गेलेल्यांचा आहे,” पलीकडून बाईंचा आवाज आला. “तीनदा या. नाही पटलं तर तोंडावर सांगा, दुसरं नाव मीच सुचवेन.”

चष्म्याच्या दुकानाच्या वर त्यांची खोली होती. दोन खुर्च्या, मध्ये टेबल नाही, खाली जाडसर सतरंजी. बाई पन्नाशीच्या, आवाज जरा घोगरा. पहिल्या दिवशी फारसं काही झालं नाही. दुसऱ्या वेळी पाळणा नेहमीसारखा सांगत होता, की आता तसं ठीक आहे, खिडकीवरचं कामही काही वाईट नाही. बाई ऐकत होत्या, पण बघत होत्या खाली.

“तुमचा उजवा पाय काय करतोय?”

त्याने वाकून पाहिलं. बुटाचा चवडा सतरंजीत रुतला होता. पोटरी लाकडासारखी कडक झाली होती.

“ब्रेक,” तो म्हणाला, आणि पुढचं त्याला आवरताच आलं नाही. “त्या शिक्षिकाबाईंनी हाक मारली होती. अहो, कुणीतरी उठवा मला, म्हणून. मला ऐकू आलं आणि मी उठलो नाही. हँडब्रेक ओढायचा आणि मागे जायचं, हे मीच शिकवतो सगळ्यांना. मी तसाच बसून राहिलो. लोकांनीच त्यांना उचललं. जो तो म्हणतो, ब्रेक बरोबर मारलास. ब्रेकचं काय घेऊन बसलेत?”

हे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं.

‘तुमची चूक नाही’ हे ऐकून ऐकून त्याचे कान किटले होते. बाई तसं काही म्हणाल्या नाहीत. त्यांनी विचारलं, “तेव्हा बसच्या पुढे कोण होतं?”

“सायकलवाली. रस्त्यावर पडलेली.”

“पायाला वाटतंय, ती अजून तिथेच आहे.”

बाईंनी आपली खुर्ची जरा पुढे घेतली आणि स्वतःचा पाय त्याच्या पायाशेजारी तसाच रोवला. “आता दोघं मिळून उचलू. घाई नाही.”

बोटभर उचलायला पंधरा मिनिटं लागली. पोटरी थरथरत होती, शर्ट पाठीला चिकटला होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बाई जागच्या हलल्या नाहीत की मध्ये बोलल्या नाहीत. खाली रस्त्यावर उतरल्यावर त्याला कडकडून भूक लागली. बेकरीच्या दारात उभ्याउभ्या त्याने दोन पाव खाल्ले.

पुढचं सगळं सरळ झालं असं नाही. एका आठवड्यात तो तापाचं निमित्त करून गेलाच नाही. बाईंचा फोन आला, “ताप असेल तर झोपा. नसेल तर खुर्ची रिकामी आहे.” तो गेला. बायकोलाही एकदा सोबत नेलं, आणि ती हाक तिच्यासमोर पुन्हा सांगितली.

मग साहेबांच्या परवानगीने डेपोच्या आवारात रिकाम्या बसवर सराव सुरू झाला. थोडं चालवायचं, ब्रेक, हँडब्रेक, पाय उचलायचा, उठायचं, शेवटच्या सीटपर्यंत जाऊन परत यायचं. मेकॅनिक खालून बघत होता. “अरे, चालायचंच होतं तर बस कशाला काढलीस?”

“पगार मिळतो म्हणून,” पाळणा म्हणाला आणि पुन्हा मागे निघाला.

पाच महिन्यांनी त्याला जवळच्या मार्गावरची बस मिळाली. तोंडाला अजूनही कधीकधी कोरड पडते. बाईंकडे तो महिन्यातून दोनदा जातो.

परवा दुसऱ्या पाळीतल्या ड्रायव्हरबाईने त्याला चहाच्या मशीनपाशी गाठलं. तिचे वडील नुकतेच गेले होते. “दादा, तुम्ही जाता त्यांचा नंबर द्याल?”

त्याने फोनवरच्या थेरपिस्टचाही नंबर दिला. “दोघींशी बोलून बघ. नाही जमलं तर तसं सांग, त्यांना राग येत नाही.”

“आणि जमलं ते कळणार कसं?”

पाळण्याने चहाचा घोट घेतला.

“एकदा बाईंनी मला विचारलं, बरं वाटतंय का? मी नाही म्हणालो, आणि पळ न काढता तिथेच बसून राहिलो. तेव्हा कळलं.”