पाचवीचा पहिला भाग

उमा हात राखून खर्च करणारी बाई. वापरात येईल तेवढंच घरात आणायचं, हा तिचा खाक्या, आणि सासर-माहेर दोन्हीकडं त्याचं कौतुक व्हायचं. त्या कौतुकाला आग लागो, असं तिला पुढं वाटणार होतं.

तिच्या मृण्मयीची शाळा जूनमध्येच सुटली. पोरीचं हृदय इतकं थकलं होतं की पडेगावच्या घराच्या पायऱ्या चढतानाही ती भिंत धरायची. दिवाळीपुढचं काही सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी उमाला आणि तिच्या नवऱ्याला, श्रीनिवासला, बाजूला घेऊन सांगितलं होतं. पोरीच्या कानावर त्यांनी यातलं काही जाऊ दिलं नव्हतं. पाचवी घरीच करायची, हा हट्ट मात्र तिचाच.

म्हणून उमा औरंगपुऱ्यात मोहियोद्दीनभाईंच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात गेली. पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा घेतला, कोणाची तरी वापरलेली पण धड कंपासपेटी घेतली. पाचवीचं पुस्तक चार भागांत होतं. प्रत्येक भागात सगळे विषय थोडेथोडे, सगळे मिळून वर्षभराचा अभ्यास. भाई चारही भाग सुतळीनं बांधायला लागले, तर उमानं त्यातला पहिला तेवढा काढून घेतला.

"सगळेच घेऊन जा ताई," भाई म्हणाले. "सुटे भाग मागून मिळायचे नाय."

लागतील तेव्हा बघू, म्हणत तिनं पैसे दिले. आपण काय बोलून बसलो, हे तिला मिल कॉर्नरच्या सिग्नलला कळलं. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या आणि ही स्कूटीवर तशीच बसून. तिला स्वतःची किळस आली. तरीही औषधांचा खर्च आठवून ती घरीच आली.

मृण्मयीनं पुस्तक उलटंसुलटं करून पाहिलं आणि बाकीचे भाग कुठं आहेत, असं विचारलं. एकदम कशाला पसारा, असं काहीतरी उमा बोलली. पोरीनं मान हलवली.

अभ्यास सुरू झाला तसं उमाला नवल वाटायला लागलं. वर्गात सगळ्यांच्या आधी गणित सोडवणारी ही पोर एकेका पानावर रेंगाळायची. येत असलेलं पुन्हा विचारायची, झालेला धडा परत घ्यायला लावायची. दमत असेल बिचारी, म्हणून उमानं काणाडोळा केला. पण ऑगस्टमध्ये शेवटचे दोन धडे काही केल्या हलेनात, तेव्हा ती रागावली. सगळं येतंय तर पुढं का सरकत नाहीस?

"संपवून काय करू?" मृण्मयी खाली बघत म्हणाली. "पुढचा तू आणलाच नाहीस. मला तेव्हाच कळलं होतं गं."

उमानं पायात चपला सरकवल्या आणि तडक औरंगपुरा गाठला. भाईंकडचे भाग केव्हाच गेले होते. मग शेजारच्या दुकानातून तिनं कोरे करकरीत तिन्ही भाग घेतले, किंमत न विचारता. सहावीची पुस्तकं घेतली, सातवीचीही घेतली.

घरी येऊन तिनं सगळं पलंगावर मांडलं. मृण्मयीनं एकेक पुस्तक उघडून वास घेतला. मग आईच्या सुजलेल्या डोळ्यांकडं पाहिलं, सहावी-सातवीची पुस्तकं हळूच वेगळी काढली आणि पिशवीत परत ठेवली.

"ही घेतील ना गं ते परत? पावती आहे ना? उगाच बाबांचे पैसे अडकायचे."

पावती शोधायचं निमित्त करून उमा पाठमोरी झाली आणि रडली.