नूतनसाठी मडगार्ड

बाळासाहेब सकाळपासून धास्तावला होता, आणि कारण सांगितलं असतं तर त्याच्या डिंगोरे गावातलं शेंबडं पोरही हसलं असतं. गाडीचं मागचं मडगार्ड निवडायचं होतं. बास, एवढंच. पण बायको परत गाडीवर बसणार की नाही हे त्या पत्र्यावर ठरायचं होतं, म्हणून ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं राव.

गाडी मोठी, लांबच्या प्रवासाची. घेतली तेव्हा तिला साडीगार्डही होतं आणि चांगलं लांब मडगार्डही. पण ह्याला हौस भारी. गाड्यांवर फिरायला जाणाऱ्या पोरांचा एक ग्रुप आहे, त्यांनी साडीगार्डाला नावं ठेवली आणि ह्या शहाण्यानं ते काढून गोठ्यामागं टाकलं. मडगार्डही कापून आखूड केलं. चाक उघडं दिसलं की गाडी रुबाबदार दिसते म्हणे. आपल्याकडची बाई एका बाजूला पाय सोडून बसते, तिचा पदर वाऱ्यावर असतो, ह्याचा विचार करायचा कुणी? गेल्या वर्षी ओतूरच्या पुढं नूतनचा पदर चाकात गेला, निम्मा फाटला आणि ती रस्त्यावर पडली. खांद्याचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण त्यानंतर ती गाडीवर बसली नाही. भांडली नाही, रडली नाही, गुमान जीपनं जायला लागली. भांडली असती तर बरं झालं असतं, निदान समजूत तरी काढता आली असती.

आता मंचरच्या पुढच्या पेठ गावात तिच्या भाचीचा, संस्कृतीचा साखरपुडा होता. "नवं मडगार्ड करून घेतो, आपण गाडीवर जाऊ," असं बाळासाहेब चार वेळा म्हणाला, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "नारायणगावापतुर जीपनं येते. तितं बघते, मंग सांगते." बघते म्हणाली. बसते म्हणाली नाही. तेव्हापासून ह्याचा जीव टांगणीला.

नारायणगावात हायवेला लागून गेणभाऊचं गॅरेज. पत्र्याला हवा तो आकार द्यावा तर गेणभाऊनंच. त्यानं दोन मडगार्डं करून ठेवली होती. एक चाकाला बिलगून बसणारं, दिसायला देखणं. दुसरं रुंद, पार खालपर्यंत उतरलेलं, डाव्या बाजूला बारीक जाळीचं साडीगार्ड जोडलेलं.

"भाऊ, पैलं घ्या," गेणभाऊ म्हणाला. "त्याला बी जाळी लावून देतो. दुसऱ्यानं गाडी बोजड दिसंल."

"दिसू दे. दुसरंच बसीव."

गेणभाऊनं ते बसवलं. जीपनं आलेली नूतन स्टुलावर बसून नुसती बघत होती. तिच्या तोंडाकडं बघायचा ह्याला धीर होईना. त्यानं खांद्यावरचा टॉवेल काढला, गाडी मधल्या स्टँडवर घेऊन चाक जोरात फिरवलं आणि टॉवेल जाळीवर सोडला.

"हे बघ. आत जात न्हाई."

 मग त्यानं टॉवेल वरून सोडला, मागून सोडला. नूतन स्टुलावरून उठली नाही.

"गेणभाऊ, आजून खाली आणता यील का रं?"

"आजून खाली आणलं तर चाक दिसायचं बंद व्हईल, राव."

"व्हऊ दे."

"चाकाला कोन भ्यालंय?" नूतन म्हणाली.

गेणभाऊ शहाणा माणूस, तो चहा सांगायला निघून गेला.

"पदर आडकला, त्यो काय तुमी आडकवला न्हाई," ती म्हणाली. आवाज अगदी शांत. "पण मी पडले आन् तुमी पुढं गेला. पार पेट्रोल पंपापतुर. मी रस्त्यात पडून तुमची पाठ बघत व्हते."

बाळासाहेबाच्या हातात टॉवेल तसाच राहिला. त्या दिवशी हेल्मेटात गाणी चालू होती, आणि वरून हा लडाखच्या ट्रिपचं तिला सांगत होता. रस्त्यातल्या माणसानं गाडी आडवी घालून थांबवलं तेव्हा कळलं की मागं कुणी नाही.

"मला वाटलं खड्डा लागला."

"आन् मी बोलत न्हाई, त्याचं काय वाटलं?"

 काहीच वाटलं नव्हतं. ती बोलेल अशी त्यानं वाटच बघितली नव्हती. त्याला स्वतःचीच लाज वाटली, अगदी कानशिलं तापेपर्यंत.

चहा झाला. नूतननं पदर कमरेला घट्ट खोचला, हेल्मेट घातलं आणि गाडीजवळ येऊन उभी राहिली. "चला. साखरपुड्याला उशीर व्हईल."

आनंद व्हायचा तर ह्याची भीती दुप्पट झाली. हेल्मेटातली गाणी बंद, वेग बैलगाडीचा. कंटेनर घासून जात होते, जीपवाले हॉर्न वाजवून शिव्या घालत होते. कळंब आलं.

"हायेस ना?"

"हाय."

मंचर गेलं.

"हायेस ना गं?"

"हाय की."

पुढं घाट लागला. समोरून उसाचा ट्रॅक्टर आला, गाडी खडीवरून जरा हादरली, आणि बाळासाहेबानं परत विचारलं, "हायेस ना?"

उत्तर आलं नाही.

"नूतन?"

नाहीच.  त्यानं गाडी कडेला घेऊन करकचून थांबवली आणि मान मोडेल एवढा मागं वळला. नूतन होती तिथंच बसली होती, जाळीवर पाय टेकवून, धडधाकट.

"बोलली का न्हाईस?" तो ओरडला.

"बघत व्हते," ती म्हणाली. "थांबता का."

त्यानं इंजिनही बंद करून टाकलं होतं. तिनं ते बघितलं. मग आपला हात त्याच्या खांद्यावर ठेवला आणि म्हणाली, "चला आता. जरा जोरात घ्या."