मोठ्यानं वाचा, मामा

गुरूचा फ्लेक्स चौकात लागला आणि चंद्रिकाचं डोकंच फिरलं. फ्लेक्सवर काय, तर गॉगल लावलेला गुरू, मागं चार एक्के, आणि वर सोनेरी अक्षरांत 'पोकरसम्राट'! खाली शुभेच्छुक म्हणून बापूसाहेब मामांचा हात जोडलेला फोटो. जन्मात कधी पत्ता हातात न धरलेला माणूस हा! अहो, पोरगं एक ऑनलाइन स्पर्धा काय जिंकलं, एक लाख ऐंशी हजार खात्यात काय आले, जुळे सोलापुरातल्या त्या गल्लीनं त्याला फेटा बांधला, शाल घातली, वाजतगाजत घरी आणून सोडला. ही गोष्ट असल्या पैशांच्या खेळांवर सरकारी बंदी यायच्या आधीची, तेव्हा कुणाला त्यात वावगंही वाटलं नाही.

चंद्रिका गुरूची थोरली बहीण. दिवसा एका ऑफिसात हिशेब लिहायची आणि संध्याकाळी तीही मोबाइलवर याच स्पर्धा खेळायची. तिला कुणी फेटा बांधला नव्हता. उलट "पोरीच्या जातीला हे शोभतंय व्हय?" हे मात्र दर सणाला न चुकता ऐकवलं जायचं. ते तिनं कधीच कानाआड केलं होतं. तिचं पित्त खवळलं ते आईच्या भिशीवरून.

आई, म्हणजे बजाबाई, कडक भाकऱ्या थापून विकायची. गल्लीतल्या बारा बायकांची भिशी, दरमहा प्रत्येकीचे पाच हजार, आणि बजाबाईचा नंबर शेवटचा. वर्षभर तव्याशी अंग भाजून घेतल्यावर आत्ता कुठं साठ हजार हातात आलेले. त्या पैशांवर मामांची नजर गेली. वळसंगहून पहिल्या एस्टीनं आले आणि फर्मान काढलं, की रविवारच्या मोठ्या स्पर्धेसाठी हे साठ हजार गुरूला द्यायचे. "एका झटक्यात सहा लाख करंल पोरगं!" बजाबाई नुसती हो म्हणाली असती तर प्रश्नच नव्हता. पण ती म्हणाली, "चंद्री बी खेळती. ती व्हय म्हणली तर देते."

झालं! सगळे चंद्रिकाच्या तोंडाकडं बघत बसले. पैशांची पिशवी मधोमध ठेवलेली, चहा निवत चाललेला.

"म्हण की व्हय. तुजं काय जातंय?" मामा म्हणाले.

"न्हाय म्हणते," चंद्रिका म्हणाली.

"जळतीस तू भावावर!"

"जळू दे की. पण मला एक सांगा, ही एक जिंकायच्या आदी त्यो किती हरला, ते कुणी इचारलं का? शंभर स्पर्धा खेळल्या तर पंच्याऐंशी वेळा हात हलवत बाहेर यावं लागतंय, कितीबी हुशार असू दे. दरवेळी फी जाती. बाद झालं की परत फी भरून आत शिरता येतंय, ती बी जाती. ह्यो पठ्ठ्या जिंकला त्याच स्पर्धेत चारदा आत शिरलाय. ते लिवलंय का तुमच्या फ्लेक्सवर?"

"कोण मोजतंय तसलं?" गुरू हसत म्हणाला.

"मी मोजते!" ती एवढ्या जोरात म्हणाली की मामांच्या बशीतला चहा सांडला. मग आईकडं वळून तिनं विचारलं, "आई, भिशी लागली म्हणून तू परवा पेढे वाटलेस. साठ हजार मिळालं म्हणून सगळ्या गल्लीत सांगितलंस. कुणाचं मिळालं गं तुला?"

बजाबाई गोंधळली. "माजंच की. बारा महिने भरल्यालं."

"मग ह्याला मिळालं म्हणायच्या आदी ह्यानं किती भरलं, ते नको बगायला?"

बजाबाईनं पिशवी जराशी आपल्याकडं ओढली. मामांच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"आणि तू गं? तू काय बंगला बांदलास व्हय?"

चंद्रिकानं आपला मोबाइल सरळ त्यांच्या हातात ठेवला. "घ्या. पयल्या स्पर्धेपासून सगळं लिवलंय. मोठ्यानं वाचा, मामा."

मामांनी चष्मा चढवला आणि त्यांचा चेहरा खुलला. "ह्या महिन्यात नऊ हजार तोटा! ऐकलंस का बजा? नऊ हजार!" शेजारच्या घरात ऐकू जाईल असा आवाज.

"ऐकलं तिनं. आता खाली वाचा, वर्षाचं."

मामांचा आवाज खाली खाली येत गेला. "स्पर्धा सहाशे चाळीस... फी भरली तीन लाख वीस हजार... बक्षीस तीन लाख बासष्ट हजार..."

"शिल्लक?"

"बेचाळीस," मामा मिशीतल्या मिशीत पुटपुटले.

"बेचाळीस हजार. वर्षभर डोळं फोडून! आईच्या भाकऱ्या ह्याच्या दुप्पट देत्यात. आणि त्यात बी माजं डोकं किती नि नशीब किती, ते मला अजून कळलं न्हाय. ते कळायला सहाशे चाळीस स्पर्धा बी लई न्हाईत. तुमी एका स्पर्धेवर फेटा बांदलाय!"

"मग बंद कर की तू बी!" मामा उसळले.

"करीन. वर्षाचा आकडा तोट्यात गेला की त्याच दिवशी करीन. माजा आकडा सांगंल तवा, मामा. तुमी सांगाल तवा न्हाय." ती भावाकडं वळली. "गुरू, आता तुजं उघड. अॅपमदीच असतंय, किती भरलं नि किती काढलं. एक बटन दाबायचंय."

गुरूचा हात खिशात गेला आणि तिथंच राहिला.

"चार्ज न्हाय," तो म्हणाला.

मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात दिवसभर बसणारं पोरगं, आणि मोबाइलला चार्ज नाही! मामांनी चंद्रिकाचा मोबाइल हळूच खाली ठेवला.

बजाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. सगळ्यांना वाटलं, चहा तापवायला चालली. ती ओट्याशी गेली, पिठाच्या डब्यामागचा आपला चार्जर काढला, गुरूच्या डोक्यावरच्या बोर्डात खुपसला, बटण दाबलं आणि वायरचं टोक त्याच्या पुढ्यात धरलं.

"लाव," ती म्हणाली.

गुरू मामांकडं बघायला लागला. मामा भिंतीवरच्या कॅलेंडरकडं.

"लाव की रं, सम्राट."

गुरूचा हात काही खिशातून बाहेर आला नाही. बजाबाईनं वायर खाली सोडली, वाकून पिशवी उचलली, कमरेला घट्ट खोचली आणि परातीत पीठ घेतलं.