वायर लावली असती तर

“नेट बरोबर आहे हो काकू. तुम्ही वायर लावून बघा, पळेल,” नेटवाल्यानं फोनवर सांगितलं आणि समोरच्या लॅपटॉपवर फाइल किती आली ते दाखवणाऱ्या हिरव्या पट्टीकडे पाहिलं. ती नखभरही सरकली नव्हती.

घरोघरी इंटरनेट जोडून देण्यात त्याची हयात गेली होती. या खोलीतून त्या खोलीत फाइल पाठवायला एवढा वेळ का लागतो, हे तो झोपेतून उठवलं तरी सांगू शके. दोन यंत्रं एकमेकांशी थेट बोलतच नाहीत. एक मधल्या डब्याला, म्हणजे राउटरला सांगतं, डबा दुसऱ्याला सांगतो. एकच निरोप हवेतून दोनदा जातो, आणि एक बोलत असताना बाकीच्यांनी गप्प बसायचं. त्यात मधे भिंत आली की बघायलाच नको. आणि त्याच्या स्वतःच्या घरी? दिव्याखाली अंधार. आतल्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरमधलं सगळं बाहेरच्या लॅपटॉपवर हवेतूनच येत होतं. हाताशी असलेली वायर तो कालच एका गिऱ्हाइकाला देऊन आला होता. घरातल्या घरात तर न्यायचंय, म्हणून नवी आणायला गेला नाही.

जुन्या कॉम्प्युटरची डिस्क सकाळपासून खडखडत होती. ती आता फार टिकणार नव्हती, आणि तिच्यातच बायकोचा आवाज होता. गळ्याच्या ऑपरेशनआधी तिनं मुद्दाम बोलून ठेवलेला. त्याला मारलेली हाक, मुलीला रागावणं, एक अंगाई. ऑपरेशननंतर ‘अहो’ म्हणायचं झालं की ती टेबलावर दोनदा टकटक करी.

टकटक. तिनं भुवयांनीच विचारलं.

“होतंय गं. गिऱ्हाइकांचं आधी चाललंय, मग तुझंच.”

बोलता बोलता आपण काय करून बसलोय ते त्याच्या ध्यानात आलं. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक कॉम्प्युटरमधले फोटो, व्हिडिओ तो याच डिस्कवर जपून ठेवी. कुणाचं काही हरवायला नको. आज त्याच सवयीनं त्यानं सगळं एकदम निवडलं होतं, आणि लोकांची लग्नं, लोकांच्या सहली पुढे निघाल्या होत्या.

त्यानं ते थांबवलं आणि फक्त तिचं पाठवायला घेतलं. पट्टी पुन्हा रांगू लागली. पहिली चिमुकली फाइल पलीकडे पोचली. दुसरी अर्ध्यात असताना खडखड थांबली.

आत धावत जाऊन त्यानं कॉम्प्युटर बंद केला, चालू केला, पुन्हा बंद केला, पुन्हा चालू केला. पडदा काळाच राहिला.

“माझंच चुकलं,” बाहेर येऊन तो म्हणाला. “जगाला शहाणपण शिकवत हिंडलो.”

तिनं लॅपटॉप त्याच्याकडे सरकवला. आलेली एकुलती एक फाइल त्यानं लावली. ती नुसती चाचणी होती.

“अहो, चालू झालं का हे? मी काय बोलू?”

पाठोपाठ त्याचंच हसू ऐकू आलं, आणि संपलं.

तो मान खाली घालून बसला. वर बघायची त्याला लाज वाटत होती.

टकटक.

तिचं बोट लॅपटॉपकडे होतं. त्यानं पुन्हा लावलं.