बेल तेल

राघवेंद्रराव गेले आणि महिन्याच्या आत त्यांची स्मारक समिती जन्माला आली. समितीत दोघेच होते. अध्यक्ष बाळाचार्य, निवृत्त वकील, आणि चिटणीस केदारी, निवृत्त हेडक्लार्क. दोघांनी वीस वर्षं रोज संध्याकाळी धारवाडला राघवेंद्ररावांच्या अंगणात, त्यांच्या सागवानी बाकावर बसून देश चालवला होता. आता देश कुठं बसून चालवायचा, हा प्रश्न होता. समितीनं तो एकमतानं सोडवला: बाक वाचनालयाच्या व्हरांड्यात न्यायचं.

"अप्पा काही तुझ्या एकटीचे नव्हते हं, इंदू," बाळाचार्य म्हणाले.

अप्पा म्हणजे राघवेंद्रराव. त्यांची मुलगी इंदुमती मुलींच्या शाळेत संस्कृत शिकवायची. बेचाळीस वर्षांची होती. नकाराची सगळी रूपं तिला तिन्ही वचनांत येत होती, पण थोरांच्या तोंडावर एकही म्हणता आलं नव्हतं. ते बाक तिला द्यायचं नव्हतं. तिने चहा केला.

केदारींनी पिशवीतून पितळी पाटी काढली. वर अध्यक्ष, खाली चिटणीस, आणि उरलेल्या जागेत 'कै. राघवेंद्रराव यांच्या स्मरणार्थ.'

"अप्पांची अक्षरं जरा बारीक झालीत," केदारी म्हणाले, "पण खोल कोरलीत."

"बाकाला तेवढी तकाकी आण. रविवारी न्यायला येतो," बाळाचार्य म्हणाले. लाकूड अळणावरच्या जंगलखात्याच्या डेपोतलं, अस्सल. पण वीस पावसाळ्यांनी ते राखेच्या रंगाचं करून टाकलं होतं. 'उन्हाळ्यात तेल देऊ,' असं अप्पा दर उन्हाळ्यात म्हणत.

ती यल्लाप्पा सुताराकडे गेली. तो एका लग्नाच्या पलंगात अडकला होता.

"तुम्हीच करा की अक्का, अवघड काय त्यात? पॉलिश पेपरनं घासायचं, लाकडाच्या रेघेरेघेनं, आडवं नाही. मग बेल तेल. फडक्यानं पुसून घ्यायचं. दोन दिवसांत खडखडीत वाळतंय बघा."

बेल तेल. वाटेत इंदुमतीनं तो शब्द मनात फिरवून पाहिला. बेल म्हणजे बिल्व. साध्या सुताराच्या तोंडी केवढी जुनी परंपरा जिवंत राहिली आहे, या विचारानं तिला भरून आलं. आयुष्यभर दुसऱ्यांना शब्दांचे अर्थ सांगणाऱ्या माणसाला एखाद्या शब्दाचा अर्थ विचारावा हे सुचत नाही. ती थेट हुबळीची बस धरून कमरीपेठेतल्या एका आयुर्वेदिक औषधांच्या दुकानात गेली आणि तिने बिल्वतेलाच्या सहा बाटल्या मागितल्या.

दुकानदारानं चष्मा वर केला. "ऐकू कुणाला येत नाही?"

"म्हणजे?"

"कानात घालायचं तेल आहे बाई हे."

"मला कानाला नको. बाकाला हवंय."

"काकांना?"

"बाकाला."

त्यानं तिच्याकडे जरा दयेनं पाहिलं, मग मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "सहा बाटल्या? एवढे बहिरे एका घरात?"

"घरात आता मी एकटीच आहे," इंदुमती म्हणाली. त्यानं सहा बाटल्या कागदात बांधल्या.

कान अप्पांचा गेला होता, डावा. म्हणून ती नेहमी त्यांच्या उजवीकडे बसायची. शेवटच्या वर्षी उजवाही गेला. हे बाळाचार्यांना आणि केदारींना कळलं नव्हतं, कारण उत्तरासाठी ते कधी थांबत नसत.

दोन दिवस ती घासत राहिली. राखाडी थर गेला आणि खालून मधासारखं लाकूड वर आलं. बाकाच्या डाव्या हातावर अप्पांच्या चहाच्या पेल्याचं काळं वर्तुळ होतं. तेवढी जागा तिनं घासली नाही. मग पाच बाटल्या तेल दिलं. लाकूड चमकलं. दुसऱ्या दिवशी चमकत होतं, तिसऱ्या दिवशीही. त्यावर धूळ बसली, मुंग्या आल्या आणि शेजारच्या लिंबाचा मोहोर पडून नक्षी झाली.

रविवारी समिती धुवट धोतरं नेसून आली. मागून यल्लाप्पा हातगाडी घेऊन आला. न्यायच्या आधी शेवटचं बसावं म्हणून दोघं बाकावर बसले आणि बाळाचार्यांनी राघवेंद्ररावांच्या साधेपणावर पंधरा मिनिटं भाषण केलं. ते उठले तेव्हा दोन्ही धोतरांवर फळ्यांचे चार चार तेलकट पट्टे उमटले होते. अध्यक्षांच्या मागं एक मुंगळाही होता.

यल्लाप्पानं बोट फिरवलं, वास घेतला. "हे काय लावलंत अक्का?"

"बेल तेल. तुम्हीच सांगितलंत."

"अय्य! बेल म्हणजे बॉईल हो. अळशीचं उकळलेलं तेल. रंगाच्या दुकानात डबा मिळतो. हे कानातलं दिसतंय."

पाठमोऱ्या केदारींनी स्वतःचं धोतर बघायचा प्रयत्न केला. वाचनालयात स्त्रियाही येतात, तेव्हा बाक वाळेपर्यंत समारंभ तहकूब, असा ठराव अंगणातच झाला. समिती पाठ भिंतीकडे ठेवून बाहेर पडली.

यल्लाप्पा मागं राहिला. "काळजी करू नका. सोड्यानं धुतो, घासतो, खरं बेल तेल देतो. बुधवारी गाडीवर घालू."

"आणि काहीच केलं नाही तर?"

"तिळाच्या तेलात केलेलं असतंय हे. ते कधीच वाळत नाही."

"नक्की?"

"पावसात धुऊन जाईल तेवढंच. मग परत हेच तेल द्यायचं म्हटलं तर..." त्यानं तिच्याकडे बघितलं, बाकाकडे बघितलं, आणि रिकामी हातगाडी वळवून घेतली. "हौद्री, बरोबर आहे अक्का. असू दे. मला विचारलं तर मीही सांगतो, वाळलं नाही म्हणून."

श्रावणात बाळाचार्यांचं कार्ड आलं: बाक वाळले काय? इंदुमतीनं उलट टपाली सुवाच्य अक्षरात कळवलं, 'सा. न. वि. वि. बाक अद्याप वाळलेले नाही.' मग सहावी बाटली उघडली आणि रेघेरेघेनं, आडवं नाही, दुसरा हात दिला. पेल्याचं वर्तुळ सोडून.

संध्याकाळी तिनं बाकावर वर्तमानपत्र पसरलं आणि त्यावर, उजवीकडे, जाऊन बसली.